न काढलेल्या स्कॅनची बाजू

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बागेत एक सात वर्षांचा मुलगा घसरगुंडीच्या शिडीवरून पडला. फार उंचावरून नाही, मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. पडल्या पडल्या त्यानं भोकाड पसरलं, म्हणजे शुद्ध गेली नव्हती. घरी आल्यावर मात्र एकदा उलटी झाली आणि आईवडिलांचा धीर सुटला. रिक्षात घालून त्याला रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं, चार तास तिथेच ठेवून घेतलं. मधूनमधून येऊन त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याला चालायला लावलं, बिस्किटं खायला दिली आणि ती पोटात राहतात का ते पाहिलं. रात्री साडेनऊला, काय दिसलं तर धावत परत यायचं हे आईला नीट समजावून, त्याला घरी पाठवलं. सी.टी. स्कॅन काढला नाही.

मुलगा घरी पोहोचायच्या आत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या डॉक्टरबाईंचा निकाल लागला होता. डोक्याला लागलंय आणि स्कॅन नाही? चार तास नुसतं बसवून ठेवलं? शिकाऊ असणार. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? दुसऱ्या दिवशी वडिलांनी ओळखीतून चिठ्ठी मिळवली आणि एका खासगी केंद्रात मुलाचा स्कॅन काढून घेतला. रिपोर्ट नॉर्मल आला. ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली आणि सगळ्यांच्या वतीनं कुणीतरी लिहिलं, ‘चला, आता खात्री झाली.’

या वाक्याचा मला राग आला आहे. त्या वडिलांचा नाही. मुलाला उलटी झाली की बापाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. राग आहे तो त्या वाक्यामागच्या समजुतीचा. ती मुंबईच्या नाहूरमध्ये आहे, मुलुंडमध्ये आहे, भांडुपमध्ये आहे, आणि शिकलेल्या घरांत जास्त घट्ट आहे. ती अशी: डोक्याच्या माराबद्दल जे काही कळायचं ते यंत्रालाच कळतं. चांगला डॉक्टर तो, जो ताबडतोब स्कॅन लिहितो. जो लिहीत नाही तो आळशी तरी असतो, नाहीतर अडाणी. स्कॅन काढून नुकसान कधीच नाही, झाला तर फायदाच. आणि रिपोर्टवर नॉर्मल लिहून आलं की विषय संपला.

यातलं एकही वाक्य खरं नाही.

पहिली गोष्ट, त्या डॉक्टरबाईंनी ‘काही केलं नाही’ ही. चार तास एका पोराच्या डोळ्यांकडे, बोलण्याकडे, चालीकडे लक्ष ठेवणं म्हणजे काही न करणं कसं? मुलांच्या डोक्याच्या मारावर जगातल्या सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेत झाला. नेथन कुपरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ रुग्णालयांतल्या ४२,४१२ मुलांची पाहणी केली आणि २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. एवढ्या मुलांपैकी मेंदूला खरोखर गंभीर इजा निघाली ३७६ जणांना, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली ६० जणांना. या ढिगातून ती थोडी मुलं आधीच कशी ओळखायची, हा प्रश्न होता. त्यातून दोन याद्या तयार झाल्या, एक दोन वर्षांखालच्या बाळांसाठी आणि एक त्यावरच्या मुलांसाठी. मोठ्या मुलांची यादी सहा गोष्टी विचारते: शुद्धीत किंवा वागण्यात फरक आहे का, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, मार जोराचा होता का (पाच फुटांवरून पडणं त्यात येतं), कवटीचा तळ फुटल्याची खूण आहे का, डोकं असह्य दुखतंय का. यांपैकी एकही गोष्ट नसलेली ३,८०० मुलं पुन्हा पडताळून पाहिली, तेव्हा दोघांत गंभीर इजा सापडली. त्या दोघांपैकी कुणालाही शस्त्रक्रिया लागली नाही.

आमच्या सोसायटीतल्या पोराच्या बाबतीत सहापैकी एकच गोष्ट होती, उलटी. अशा वेळी काय करायचं हेही तिथे लिहिलेलं आहे: बाकी काही नसेल तर मुलाला नजरेखाली ठेवा, फरक पडतोय असं वाटलं तर स्कॅन काढा, सुधारत असेल तर घरी पाठवा. डॉक्टरबाईंनी नेमकं हेच केलं. ज्या टेंगळाचा फोटो ग्रुपवर फिरला, त्याबद्दलही सांगते. टेंगूळ दिसायला भयंकर होतं, पण ते कपाळावर होतं. दोन वर्षांखालच्या बाळांच्या यादीतसुद्धा धोक्याचं मानलं जातं ते कपाळ सोडून बाजूला किंवा मागे आलेलं टेंगूळ. बाजूचं हाड पातळ असतं. फोटो बघून हळहळणाऱ्या पन्नास-साठ जणांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं? मलाही नव्हतं. पण ज्यांना ठाऊक होतं त्यांनाच आम्ही अडाणी ठरवलं.

मोठ्यांसाठीही असाच नियम आहे. तो कॅनडातल्या इयन स्टील यांचा, आणि तो कशातून जन्मला हे समजून घ्यावं. नव्वदच्या दशकात त्यांनी आपल्याच देशातल्या सात रुग्णालयांची तुलना केली. किरकोळ डोक्याचा मार घेऊन आलेल्या माणसांचे स्कॅन एका रुग्णालयात शंभरातल्या साधारण १६ जणांचे निघत होते, तर दुसऱ्यात शंभरातल्या ७० जणांचे. देश तोच, मारही त्याच प्रकारचा, मग एवढा फरक कशाचा? सवयीचा. कुणाला भीती जास्त, कुणाला यंत्र जवळ. तेव्हा स्टील आणि मंडळींनी दहा रुग्णालयांतले ३,१२१ रुग्ण घेतले आणि २००१ साली सात प्रश्नांचा नियम मांडला. मार लागल्यावर क्षणभर शुद्ध गेली असेल, आठवण पुसली असेल किंवा माणूस गोंधळलेला दिसला असेल, तर हे प्रश्न विचारायचे. दोन तासांनंतरही तो पूर्ण भानावर आलेला नाही का? कवटी आत दबल्याचा किंवा उघडी फुटल्याचा संशय आहे का? कवटीच्या तळाला तडा गेल्याच्या खुणा, म्हणजे डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, कानामागे निळा डाग, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, दिसतात का? उलट्या दोन किंवा जास्त झाल्या का? वय पासष्ट किंवा त्याहून जास्त आहे का? मार लागण्याआधीची अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळाची आठवण गेली आहे का? आणि मार धोकादायक तऱ्हेचा आहे का, म्हणजे पायी चालताना गाडीनं उडवलं, गाडीतून बाहेर फेकला गेला, किंवा तीन फुटांवरून अथवा पाच पायऱ्यांवरून पडला? सातांपैकी पहिले पाच सर्वांत महत्त्वाचे. त्या रुग्णांत ज्यांना मेंदूची शस्त्रक्रिया लागली, त्यांतला एकही माणूस या पाच प्रश्नांतून निसटला नाही.

हे प्रश्न आपण कधी नीट वाचतो का? त्यात रक्त किती आलं हा प्रश्न नाही. टाके किती पडले हाही नाही. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून जखम लहान असली तरी शर्ट भिजतो आणि घरचे घाबरतात. मेंदूला त्या रक्ताशी फारसं देणंघेणं नसतं. आपण बघतो रक्त, डॉक्टर बघतो भान. भान मोजायलाही माप आहे. ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ साली ते तयार केलं. आज त्यात डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा, एकूण पंधरा. तारीख-वार चुकला, उत्तर गोंधळलेलं आलं, तर गुण चौदा होतात, आणि दोन तासांनी ते चौदाच राहिले तर माणूस स्कॅनला जातो. डॉक्टर येऊन ‘नाव काय, आज वार कोणता, कुठल्या शाळेत जातोस’ असं विचारतात तेव्हा नातेवाईकांना वाटतं की वेळ काढताहेत. तपासणी चाललेली असते ती तीच.

दुसरा मुद्दा सगळ्यात लाडका: एक स्कॅन काढला तर बिघडतं काय?

बिघडतं. डोक्याच्या एका सी.टी. स्कॅनमध्ये साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार अंगात जातो. साधारण तेवढाच निसर्गाकडून आपल्याला वर्षभरात मिळतो. साठीच्या माणसानं याची फिकीर करू नये. लहान मुलाचं तसं नाही. त्याच्या पेशी वाढत्या असतात आणि पुढचं सगळं आयुष्य बाकी असतं. २०१२ साली ब्रिटनमधल्या पिअर्स आणि सहकाऱ्यांनी लहानपणी सी.टी. स्कॅन झालेल्या पावणेदोन लाखांहून जास्त जणांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अंदाज असा की दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचे डोक्याचे स्कॅन काढले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण निर्माण होतो. दहा हजारांत दोन म्हणजे किती थोडं, असं कुणी म्हणेल. थोडंच आहे, आणि म्हणूनच गरज असेल तेव्हा मुलाचा स्कॅन काढायला एक क्षणही कचरू नये. पण गरज नसताना? ज्या तपासणीतून काही मिळायचं नव्हतं, तिच्यासाठी हा धोका दहा हजारांत दोन असला तरी का घ्यायचा? ग्रुपवरच्या कुणी त्या वडिलांना हे विचारलं?

शिवाय ज्या टेबलावर आपलं धडधाकट मूल झोपवलेलं असतं, त्या टेबलाची वाट बघत कुणीतरी बाहेर असतं. आमच्याकडे जोडरस्त्यावर मोठं खासगी रुग्णालय आहे, मुलुंडला पालिकेचं अगरवाल, घाटकोपरला राजावाडी, आणि सगळीकडून दमलेला माणूस शेवटी पोहोचतो तो सायनला. रात्री अकराला सायनच्या कॅज्युअल्टीत एकदा उभं राहून बघा. रेल्वेतून पडलेला, ईस्टर्न एक्स्प्रेसवर दुचाकी घसरलेला, बांधकामावरून खाली आलेला, असे सगळे एकाच दाराशी येतात. ज्या माणसाच्या कवटीत त्या क्षणी रक्त साठतंय, त्याच्या आधी खात्रीसाठी आलेला माणूस आत गेला, तर या खात्रीची किंमत कोण मोजतो?

तिसरा मुद्दा: रिपोर्ट नॉर्मल आला, सुटलो.

सी.टी. स्कॅन म्हणजे त्या घटकेचा फोटो. तो ताजं रक्त दाखवतो, हाडाचा तडा दाखवतो, आणि हे काम झटपट करतो. म्हणूनच या कामाला एम.आर.आय.पेक्षा तो बरा. पण सहा तासांनी काय होणार ते तो सांगत नाही. हळूहळू झिरपणारं रक्त पहिल्या तासाच्या फोटोत नसू शकतं. शिवाय मेंदूला बसलेला धक्का, ज्याला खेळाडू कंकशन म्हणतात, तो सी.टी.त दिसत नाही. फोटो स्वच्छ असतो आणि मूल आठवडाभर चिडचिड करतं, प्रकाश सहन होत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. आयसीसीनं १ ऑगस्ट २०१९ पासून कंकशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देण्याची सोय केली. ती कशासाठी केली, रिपोर्ट नॉर्मल आला की पुन्हा बॅट हातात द्यायला? आमच्या पोराच्या घरी नॉर्मल रिपोर्ट आल्यावर काय झालं तेही लिहायला हवं. डॉक्टरबाईंनी दिलेला सूचनांचा कागद कचऱ्यात गेला आणि मुलगा त्याच संध्याकाळी फुटबॉल खेळायला खाली उतरला. खात्रीनं सावधपणाच मारून टाकला.

चौथा मुद्दा थोडा वेगळा आहे आणि तो मांडणारे स्वतःला जास्त हुशार समजतात. ते म्हणतात, स्कॅन लिहिणारे डॉक्टर कमिशनसाठी लिहितात आणि न लिहिणारे बेफिकिरीनं सोडतात. कमिशनचा रोग खोटा नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावरच्या उपचारानं कोकणातले किती जीव वाचवले, त्यांना एका निदान केंद्रानं रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश धाडला तेव्हा त्यांनी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा राज्यात तयार झाला. हे सगळं मान्य. पण मग सांगा, कमिशनच्या या जगात चार तास खपून स्कॅन न लिहिणाऱ्या डॉक्टरवर संशय घ्यायचा की विश्वास ठेवायचा? तिला त्या न लिहिण्यातून एक पैसा मिळाला नाही. मिळाल्या त्या आमच्या शिव्या.

आणि कमिशनपेक्षा मोठं कारण भीतीचं आहे. ती भीती आपण घातली आहे. १३ नोव्हेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. ते योग्यच झालं, कारण निष्काळजीपणाला दाद मागता आली पाहिजे. पण त्याच न्यायालयानं २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हेही स्पष्ट केलं की डॉक्टर मान्य वैद्यकीय पद्धतीनं वागला असेल, तर निव्वळ दुसरा एखादा मार्ग उपलब्ध होता म्हणून तो निष्काळजी ठरत नाही. नियमानं तपासून, नोंद करून, न काढलेला स्कॅन कायद्यात गुन्हा नाही. तो गुन्हा ठरतो तो आमच्या कॉरिडॉरमध्ये. १२ मार्च २०१७ ला धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला जबर मार लागलेला एक रुग्ण आला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता, म्हणून ड्यूटीवरच्या हाडांच्या डॉक्टरनं त्याला दुसरीकडे हलवायला सांगितलं. नातेवाइकांनी त्या डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. आठवड्याभरात सायनमध्ये आणखी एका निवासी डॉक्टरवर हल्ला झाला आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात २०१० पासून आहे, तरीही हे घडलं. आता त्या जागी स्वतःला ठेवा. रात्रीचे दोन वाजलेत, समोर आठ नातेवाईक उभे आहेत आणि त्यातला एक मोबाइलवर चित्रण करतो आहे. रुग्णाला स्कॅनची गरज नाही हे तुम्हाला कळतंय. तुम्ही काय लिहाल? मग उद्या सगळ्यांचेच स्कॅन निघू लागले, तर आपण कुणाला दोष देणार आहोत?

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. स्कॅनचा हट्ट धरणारी हीच समजूत, ज्याला स्कॅनची खरी गरज असते त्याला घरी बसवते.

माझे वडील, अण्णा, शहात्तर वर्षांचे होते. हृदयाचे ठोके अनियमित पडायचे म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी चालू होती. एका पहाटे न्हाणीघरात पाय घसरला आणि डोकं नळाला लागलं. जखम पेरभर. आईनं हळद दाबली. अण्णा म्हणाले, काही झालं नाही, चहा दे. चहा प्यायले, पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं. आम्ही सगळे म्हणालो, बोलतायत ना नीट? मग कशाला दवाखाना? रक्त थोडं आलं होतं, आवाज स्पष्ट होता, पोरासारखे रडले नव्हते. घाबरण्यासारखं दिसत काहीच नव्हतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. महिन्याभरानं चप्पल घालताना त्यांचा डावा पाय फरफटायला लागला. मग नातवंडांची नावं चुकू लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. आणखी चार दिवस आम्ही वयावर ढकलले. शेवटी स्कॅन झाला तेव्हा मेंदूवर जुन्या रक्ताचा जाड थर होता आणि मेंदू एका बाजूला सरकला होता. कवटीला दोन भोकं पाडून ते रक्त काढलं. अण्णा वाचले, पण तो डावा पाय पुढची सहा वर्षं त्यांनी ओढतच नेला.

न्यूरोसर्जननी आम्हाला नंतर समजावलं. वयानं मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात, हलक्या धक्क्यानं एखादी फाटते, आणि गोळीमुळे रक्त लवकर थांबत नाही. थेंब थेंब साठत आठवडे जातात. त्या पहाटे स्कॅन काढला असता तर तो कदाचित स्वच्छही आला असता. पण डॉक्टरकडे नेलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न गोळीचा विचारला असता, दुसरा वयाचा. आम्हाला काय बघत राहायचं ते सांगितलं असतं, आणि पाय फरफटला त्या दिवशीच आम्ही धावलो असतो. सात वर्षांच्या पोराच्या लिंबाएवढ्या टेंगळासाठी जी सोसायटी रात्रभर जागी राहिली, तीच सोसायटी पडलेल्या आजोबांना म्हणते, ‘बोलतायत ना?’ दोन्हीकडे चूक एकच आहे. आपण तपासणाऱ्या माणसाला मधून काढून टाकतो. एकीकडे त्याच्या जागी यंत्र बसवतो आणि दुसरीकडे आपला अंदाज.

‘बोलतायत ना’ ही परीक्षा किती फसवी आहे हे क्रिकेट बघणाऱ्यांनी तरी विसरू नये. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा असलेल्या भारतीय क्रिकेटपटू रमण लांबाच्या डोक्यावर चेंडू बसला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. कवटीच्या आतल्या एका विशिष्ट रक्तस्रावात मार आणि कोसळणं यांच्यामध्ये असा एक शांत काळ येऊ शकतो. त्या काळात माणूस चालतो, बोलतो, घरी सोडा म्हणतो. म्हणून तर तास-दोन तास, चार तास लक्ष ठेवायचं असतं. आणि लक्ष ठेवल्यानं जीव वाचतो, हेही क्रिकेटनंच दाखवलं आहे. १९६२ साली बार्बाडोसमध्ये वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. सी.टी. स्कॅन तेव्हा जगात नव्हता. पहिल्या रुग्णाचा स्कॅन निघाला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७१ ला, विम्बल्डनमध्ये. कॉन्ट्रॅक्टर यांची अवस्था ढासळते आहे हे माणसांच्या नजरेनं टिपलं, तातडीनं शस्त्रक्रिया झाली, आणि ते वाचले.

एक आक्षेप उरतो: कॅनडा-अमेरिकेतले नियम आपल्याला कशाला? कवटी तिथलीही हाडाचीच आहे. आणि जिथे फरक आहे तिथे नियम आपल्याला जास्तच लागू पडतात. तीन फूट ही उंची लक्षात ठेवा. दहीहंडीच्या दिवशी दुसऱ्या थरावरचा गोविंदा उभा असतो तो खालच्याच्या खांद्यावर, म्हणजे त्याचे पाय चार-साडेचार फुटांवर असतात. वरच्या थरांबद्दल बोलायलाच नको. थर कोसळल्यावर एखाद्याची क्षणभर शुद्ध गेली, किंवा ‘मी कुठे आहे’ असं त्यानं विचारलं, की नियमाप्रमाणे तो स्कॅनचा रुग्ण झाला. आपण काय करतो? तोंडावर पाणी मारतो, ‘काय नाय झालं रे’ म्हणतो आणि पुढच्या हंडीसाठी ट्रकमध्ये चढवतो. उड्डाणपुलाखाली रिक्षानं उडवलेला डिलिव्हरीवाला पोरगा कपडे झटकून पुन्हा सायकलवर बसतो, तेव्हा त्याला कुणी स्कॅनचा आग्रह करत नाही. आग्रह होतो तो ज्याच्याकडे मेडिक्लेम आहे त्याला. नियम मेडिक्लेम विचारत नाहीत. त्यामुळे तर मला ते जास्त न्याय्य वाटतात.

एवढं मात्र मान्य करते की कागदावरचा नियम सगळ्यांना पुरत नाही. मोठ्यांच्या त्या सात प्रश्नांतून रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि मार लागल्यावर फिट आलेले लोक मुळातच वगळलेले आहेत, कारण त्यांचा धोका वेगळा मोजावा लागतो. खोलीत एकटा राहणारा, शेवटच्या लोकलनं कर्जतला जाणारा, रात्री कुणी उठवून बघणार नाही असा माणूस असेल, तर डॉक्टर स्कॅनकडे लवकर वळेल आणि ते बरोबर असेल. पण हे ठरवणारा पुन्हा डॉक्टरच. समोरच्या माणसाकडे बघून, त्याचं घर, वय, गोळ्या विचारून. यंत्राला यातलं काही विचारता येत नाही.

म्हणून त्या डॉक्टरबाईंबद्दल मी ग्रुपवर जे लिहिलं, तेच इथे लिहिते. त्यांनी आपल्या मुलासाठी स्कॅनपेक्षा जास्त केलं. स्कॅन लिहायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांनी चार तास दिले, नियम पाळला, आपला रोष पत्करला आणि त्यांचा निर्णय बरोबर होता. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तो बरोबर ठरला असं नाही. तो आदल्या रात्री साडेनऊलाच बरोबर होता.

वाचकांना माझी विनंती आहे. डोक्याला मार लागलेल्या कुणाला घेऊन कॅज्युअल्टीत गेलात, तर ‘स्कॅन काढा’ किंवा ‘स्कॅन नको’ असं काहीच म्हणू नका. किती वाजता लागलं, किती उंचावरून, शुद्ध गेली का आणि किती वेळ, उलट्या किती झाल्या, आधीचं काय आठवतं, वय किती आणि गोळ्या कोणत्या, एवढं सांगा. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. घरी पाठवलं तर पहिले चोवीस तास त्या माणसाजवळ कुणीतरी राहा. त्याला झोपू द्या, पण सांगितल्याप्रमाणे उठवून बघा. आणि घरात कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर त्या गोळीचं नाव आजच मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजच्या दारावर लावा. आमच्या दारावर ते नव्हतं.